चालत्या गाडीचा दोष

यंत्राचे दुखणे दोन प्रकारचे असते. पहिले उघड दुखणे. गाडी सुरूच होत नाही. किक मारून पोटरी दुखू लागते आणि शेवटी ती ढकलत मेकॅनिकच्या दारी न्यावी लागते. हे दुखणे त्रासाचे खरे, पण प्रामाणिक असते. दुसरे दुखणे अधूनमधून येणारे. गाडी चार दिवस सुरळीत धावते, पाचव्या दिवशी भर रस्त्यात दम टाकते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. मेकॅनिकपुढे उभी केली की पहिल्याच किकला सुरू! दंतवैद्याची पायरी चढताच दाढ दुखायची थांबावी, तसला हा प्रकार. मेकॅनिक आपल्याकडे संशयाने पाहतो, आपण गाडीकडे पाहतो, आणि गाडी मात्र निष्पाप चेहऱ्याने फटफटत राहते.

पहिल्या दुखण्याचा प्रश्न कारागिरीचा आहे. दुसऱ्याचा प्रश्न कारागिरीचा तर आहेच, पण तो नीतीचाही आहे, असे आम्हांला वाटते. कारण जो दोष कधी असतो आणि कधी नसतो, त्याच्या बाबतीत माणसाला एकही खोटा शब्द न उच्चारता खोटे वागता येते. हे ज्ञान आम्हांला पोथीतून झालेले नाही. ते आमच्या पदरी एका जुन्या स्कूटरने घातले. त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. तरीही वाचकांपुढे ती मांडताना लेखणी थोडी अडखळते, हे आधीच कबूल करतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आमची तीन गावे मध्य रेल्वेच्या एकाच धाग्यात ओवलेली आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथला पत्ता 'कॅम्प नंबर' सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे आणि त्याच गावात आयुधनिर्माणी व औद्योगिक वसाहत आहे. बदलापूरचे नाव घोड्यांवरून पडले असे जुनी माणसे सांगतात. घाटाकडे आणि कोकणाकडे जाणारे स्वार येथे थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून ते बदलापूर! ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीस किती उतरते ते इतिहासकारांनी पाहावे. आम्हांला ती आवडते एवढे खरे. आणि पुढे आपल्याला या घोड्याची गाठ अनेकदा पडणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

१९९६ च्या सुमारास आमच्याकडे एक दोन-स्ट्रोक स्कूटर होती. बदलापूरहून अंबरनाथला नोकरीवर जाणे, रविवारी सहकुटुंब मिस्साला जाणे, बाजारहाट करणे, ही सारी कामे ती निमूटपणे करी. पण एका उन्हाळ्यापासून तिला ही अधूनमधूनची व्याधी जडली. गावातल्या गावात कितीही फिरवा, काही नाही. मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर एका वेगात गेली की मात्र एकाएकी कोणी गळा दाबावा तशी गुदमरे आणि बंद पडे. आम्ही उतरावे, सीट उचलावी, टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहावे, घाम पुसावा, थोडे थांबावे, किक मारावी, की चालू!

इंजिनाला तीन गोष्टी लागतात, असे जाणकार सांगतात: योग्य प्रमाणात मिसळलेली हवा व पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. दोष या तिघांपैकी कोठेतरी असणार, हे उघड आहे. पण अधूनमधून येणारा दोष एकाचा वेष घेऊन दुसऱ्याच्या घरात लपतो. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. ते जास्त झाले की प्लगच्या टोकांमध्ये काजळी साचते आणि ठिणगी मधूनच चुकते. इग्निशन कॉइलच्या आतली तार कोठे तुटली असेल, तर ती गरम झाल्यावर फाकते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते; म्हणजे दोष चालताना प्रकटतो आणि तपासताना लोपतो. हँडलच्या मानेपाशी एखाद्या वायरचे आवरण घासून गेले असेल, तर गाडी फक्त वळणावर बंद पडते. प्लगच्या जाड वायरला चीर गेली असेल, तर पावसाळी हवेत ठिणगी आडवाटेने निसटते. ती दिवसा दिसत नाही, अंधारात पाहिली तर निळसर चमकते.

आमच्या गाडीची लक्षणे कॉइलची होती. गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. एका मेकॅनिकने प्लग बदलला. दुसऱ्याने कॉइल बदलायला सांगितली. ती आणायला आम्ही उल्हासनगरच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. उल्हासनगरच्या मालावरून आपल्याकडे पुष्कळ विनोद केले जातात. पण त्या दिवशी गल्ल्यावर बसलेल्या वृद्ध सिंधी दुकानदाराने आमच्यापुढे दोन डब्या ठेवल्या आणि न विचारता सांगितले, "ये ओरिजिनल है, ये डुप्लिकेट. डुप्लिकेट आधे दाम में. चलेगा, लेकिन कितने दिन, वो मैं नहीं बोलूंगा." आम्ही हसलो आणि ओरिजिनल घेतली. त्या माणसाने आपल्या मालाचा दोष स्वतःहून ग्राहकापुढे ठेवला होता, ही गोष्ट त्या वेळी आमच्या मनावरून पाण्यासारखी निघून गेली. पुढे ती काट्यासारखी रुतली.

कॉइल बदलून दहा दिवस गाडी नीट चालली. अकराव्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा आमच्या मनात पहिल्यांदा विचार आला की, ही विकून टाकावी.

गिऱ्हाईक लवकरच आले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा एक तरुण होता. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री गाडीची वाट पाहत स्टेशनवर बसावे लागते, घरी वडील दम्याने आजारी असतात, म्हणून त्याला स्कूटर हवी होती. त्याने किक मारली; पहिल्या किकला सुरू झाली. गल्लीत दोन फेऱ्या मारून तो परत आला आणि म्हणाला, "काका, तसा काही प्रॉब्लेम तर नाही ना?"

आम्ही म्हणालो, "तुम्ही चालवून पाहिलीत ना?"

वाचकहो, हे उत्तर पुन्हा एकदा वाचावे. त्यात असत्य काय आहे? एक अक्षरही नाही. त्याने चालवून पाहिली होतीच. पण त्याने जे विचारले त्याचे ते उत्तर नव्हते आणि ते उत्तर नाही हे त्याला कळू नये, अशी त्याची घडण होती. नऊ हजार रुपये मोजून तो तरुण स्कूटर घेऊन गेला. घरात आमच्या सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या म्हणजे त्यांना मान्य आहे, असा सोयीस्कर अर्थ आम्ही लावला.

पावसाळा लागला. एका रविवारी दुपारी तो तरुण दारात उभा राहिला. आदल्या आठवड्यात रात्री वडिलांना दम्याचा झटका आला. त्यांना मागे बसवून तो उल्हासनगरच्या इस्पितळाकडे निघाला होता. भर पावसात, अंधाऱ्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली. वडिलांना श्वास घेता येईना. सुदैवाने मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने दोघांना उचलून नेले, वडील वाचले. हे सारे त्याने आवाज न चढवता सांगितले. मग विचारले, "काका, एकच विचारायचे आहे. हे आधीपासून होते का?"

आम्ही उत्तर जुळवू लागलो. आता 'जुळवू लागलो' हाच शब्द खरा आहे. कॉइल नवीन घातली होती, दहा दिवस चालली होती, पावसाने काहीही होऊ शकते, अशी वाक्ये मनात रांगेने उभी राहिली. आणि त्यांतले प्रत्येक वाक्य खरे होते! एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "होते. आधीपासून होते. आम्ही सांगायला हवे होते."

त्या 'आम्ही' शब्दात त्यांनी स्वतःलाही गोवून घेतले होते. तो त्यांचा मोठेपणा होता.

त्या रात्रीपासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला: विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगावा की न सांगावा? आणि दोष अधूनमधूनचा असेल, तर?

प्रथम कायद्याकडे पाहिले. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे दिली आहेत. गंमत अशी की ही उदाहरणे घोड्याची आहेत. एका माणसाचा घोडा सदोष आहे; त्याला ते ठाऊक आहे; तो लिलावात घोडा विकतो आणि दोषाविषयी काही बोलत नाही. कायदा सांगतो की ही फसवणूक नव्हे. पुढचे उदाहरण पाहावे: घेणारी त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण असे: घेणारा म्हणतो की, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष आहे असे समजेन, आणि विकणारा गप्प बसतो. येथे गप्प बसणे हे बोलण्यासारखेच मानले जाते.

हे तिसरे उदाहरण वाचताना आम्हांला आमच्या गल्लीतला तो तरुण दिसला. त्याने विचारले होते. आम्ही नाही म्हटले नव्हते. त्यामुळे कायद्याच्या आडोशालाही आम्हांला धड उभे राहता येईना. पण खरा घाव दुसऱ्या उदाहरणाने घातला. मुलगी असेल तर सांगावे, परका असेल तर गप्प बसले तरी चालेल! शुभवर्तमानातील शास्त्र्याने प्रभूला हाच प्रश्न विचारला होता की, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल प्रभूने त्याला एका रस्त्याची गोष्ट सांगितली. त्या रस्त्यावर एक माणूस अर्धमेला पडला होता आणि कोणी एक परका वाटसरू त्याला उचलून घेऊन गेला. आमच्या गोष्टीतही रस्ता होता, असहाय माणूस होता, परका टेम्पोवालाही होता. आम्ही या गोष्टीत कोणत्या जागी होतो, हे मात्र बोलायची सोय नव्हती. याजक आणि लेवी निदान नुसते बाजूने निघून गेले होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. तो दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील सत्त्याहत्तरावा प्रश्न. तेथेही घोडा आहेच! संत थॉमस म्हणतात त्याचा आशय असा: दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर तो दोष तोंडाने सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. परंतु दोष गुप्त असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोचणार असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे, हे अन्याय्य होय. याच विवेचनात त्यांनी आणखी दोन बारकावे सांगितले आहेत. एक, दोष चौकात दवंडी पिटून सांगण्याची गरज नाही. तसे केले तर वस्तूचे इतर गुण न पाहताच गिऱ्हाईक पळून जाईल. जो प्रत्यक्ष घ्यायला आला आहे त्याला सांगावे. दोन, विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल, तर त्याला पाप लागत नाही. पण पुढे तो कळला की भरपाई करून देण्यास तो बांधलेला आहे.

या दुसऱ्या बारकाव्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ठाऊक नसेल तर पाप नाही. मग आम्हांला ठाऊक होते का? मन वकिली करू लागले. दोष काय आहे ते दोन मेकॅनिकांनाही सापडले नव्हते. नवी कॉइल घातली होती. विकण्याच्या दिवशी गाडी चालत होती. 'आता बरी झाली असेल' असे आम्हांला खरोखरच वाटत होते की नाही? थोडे वाटत होते, हे खरे आहे. आणि अधूनमधूनच्या दोषाचे खरे विष येथेच आहे. सदा बंद असलेली गाडी 'चांगली आहे' असे स्वतःशीसुद्धा म्हणता येत नाही. अधूनमधून बंद पडणारी गाडी मात्र आपल्याला हवे तेवढे पुरावे पुरवते. चाललेल्या दिवसांची बेरीज करायची आणि बंद पडलेले दिवस अपवाद म्हणून वगळायचे. की झाला विश्वास तयार!

इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. धर्मश्रद्धेवर टीका करणारा हा गृहस्थ. तरी त्याचा दृष्टान्त आमच्यासारख्या श्रद्धाळूंनी मनाशी जपून ठेवावा असा आहे. एक जहाजमालक देशांतर करणाऱ्या कुटुंबांनी भरलेले जहाज समुद्रावर पाठवणार असतो. जहाज जुने आहे, अनेकदा दुरुस्त केलेले आहे, हे त्याला माहीत असते. शंका मनाला कुरतडतात. मग तो स्वतःची समजूत घालतो: आजवर इतक्या सफरी पार पडल्या, इतकी वादळे झेलली, आताही देव तारील. हळूहळू त्याला खराखुरा विश्वास वाटू लागतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो की हा मनुष्य अपराधी आहे; त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी, कारण तसा विश्वास बाळगण्याचा त्याला हक्क नव्हता. त्याने शंका तपासून नव्हे, तर दाबून तो मिळवला होता. आणि जहाज सुखरूप पोचले असते, तरी तो तितकाच अपराधी ठरला असता. फक्त ते उघडकीस आले नसते.

आमचे प्रकरण याहून वेगळे नव्हते. 'ठाऊक नव्हते' हे उत्तर देण्याआधी माणसाने स्वतःला विचारावे की, ठाऊक करून घेण्याचे आपण टाळले होते का?

आता त्या स्कूटरचे काय झाले ते सांगायला हवे. आम्ही त्या तरुणाला म्हणालो की गाडी परत घेतो, पैसे देतो. तो म्हणाला, "आधी हिला झाले आहे तरी काय, ते बघू." दोघे मिळून ती घेऊन उल्हासनगर स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने पान्याला हात लावला नाही. पहिला प्रश्न विचारला, "कब बंद पडती है?" आम्ही सांगू लागलो की प्लग बदलला, कॉइल बदलली. त्याने हात वर करून थांबवले. "क्या बदला वो नहीं पूछा. कब?"

तो तरुण कारखान्यात उत्पादनाची नोंद ठेवणारा. त्याने खिशातून एक डायरी काढली. कोणत्या तारखेला, किती अंतरावर, कोणत्या वेगात बंद पडली, ते त्याने टिपून ठेवले होते. त्यात एक गोष्ट आम्हांला कधीच सुचली नव्हती: पगाराच्या दिवशी टाकी पूर्ण भरली की ती हमखास लवकर बंद पडे. आम्ही नेहमी एक-दोन लिटरच टाकत असू. मग आमची पाळी आली. आम्हीही पहिल्या दिवसापासूनचे सगळे सांगितले, काही न वगळता. बंद पडल्यावर आम्ही काय करत असू, असे त्याने विचारले. सीट उचलून, टाकीचे झाकण उघडून पेट्रोल बघत असू, असे आम्ही म्हणालो.

म्हातारा हसला. त्याने टाकीचे झाकण काढले आणि उजेडाकडे धरले. झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असते. टाकीतून पेट्रोल खाली उतरते तसतशी त्या छिद्रातून हवा आत जायला हवी; नाहीतर आत पोकळी होऊन पेट्रोल उतरायचे थांबते. ते छिद्र धूळ आणि ऑइलच्या चिकट्याने जवळजवळ बुजले होते. पूर्ण बुजले असते, तर दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. अगदी थोडा श्वास चालू होता. म्हणून थांबत-थांबत गावात फिरताना तेवढी हवा पुरे. मोकळ्या रस्त्यावर वेगात जाताना ती पुरत नसे. टाकी पूर्ण भरलेली असली की आत हवा मुळातच कमी, म्हणून लवकर गुदमरे. आणि दर वेळी पेट्रोल पाहण्यासाठी झाकण उघडून आम्हीच अजाणता तिला श्वास देत होतो! आम्हांला वाटे, ती थंड झाली म्हणून सुरू झाली.

एका टाचणीचे काम होते. म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत.

परतताना आम्ही त्या तरुणापुढे काही रक्कम धरली. तो तर्कशुद्ध बोलला, "काका, आता दोषच राहिला नाही, मग भरपाई कशाची?" क्षणभर आम्हांला बरे वाटले. छिद्र टाचणीएवढे, तर अपराधही टाचणीएवढाच! पण मग जहाजमालक आठवला. आमचा अपराध त्या छिद्रात नव्हताच. तो 'तुम्ही चालवून पाहिलीत ना?' या वाक्यात होता. आणि ते वाक्य टाचणीने दुरुस्त होण्यासारखे नव्हते. आम्ही म्हणालो, "गाडीची नव्हे, त्या रात्रीची." त्याने बराच विचार केला आणि टेम्पोवाल्याला दिले होते तेवढेच पैसे घेतले. बाकीचे आमच्या हातात परत ठेवले. ते ओझे आम्ही अजून वागवतो आहोत.

या प्रकरणातून आमच्या पदरात जे पडले ते असे. दोष सांगणे म्हणजे केवळ न्यायाची फेड नव्हे; दोष सांगणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी आहे. आमच्या हाती अर्धी माहिती होती, त्या तरुणाच्या हाती अर्धी. आम्ही आमची अर्धी लपवून ठेवली तोवर दोष सापडला नाही. विक्रीच्या दिवशीच ती सांगितली असती, तर कदाचित त्याच आठवड्यात टाचणी लागली असती आणि पावसातली ती रात्र टळली असती.

विमानांच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनांत दमट, थंड हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरते आणि इंजिन बंद पडते. विमान खाली उतरते. तपासनीस येईपर्यंत बर्फ वितळून गेलेले असते. सगळे भाग निर्दोष दिसतात. अशा वेळी पुरावा एकच उरतो, तो म्हणजे ज्याने पाहिले त्याची खरी साक्ष. अधूनमधूनचा दोष साक्षीशिवाय सिद्ध होत नाही. म्हणून त्या बाबतीत मौन हे इतर दोषांतल्या मौनापेक्षा अधिक जड असते.

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठच्या आमच्या भागात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही तेच चित्र दिसले. पाण्यातून काढलेले वाहन उन्हात वाळवले, पुसले की नव्यासारखे दिसते. वायरींच्या जोडांत हिरवा गंज मात्र काही महिन्यांनी बोलू लागतो. तोवर वाहन दुसऱ्याच्या दारात गेलेले असते. असे वाहन विकताना 'पुरात बुडाले होते' हे तीन शब्द उच्चारायला किती कष्ट पडतात, ते ज्याचे त्याने पाहावे.

पण वाहनांपुरतेच हे आहे का? आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांत सोयरिकी जुळतात, तेव्हा काय होते? मुलगा अधूनमधून पितो. बघण्याच्या कार्यक्रमाला तो शुद्धीवर असतो, सुरेख बोलतो. कोणाला एखादा आजार असतो, तो वर्षातून दोनदा उठतो. "लग्न झाले की सुधारेल," असे आपण म्हणतो आणि थोडे खरेही मानतो, अगदी त्या जहाजमालकासारखे. समोरची मंडळी विचारतात, "मुलगा कसा आहे?" आपण म्हणतो, "तुम्ही पाहिलाच आहे की!" हे वाक्य आम्ही कोठे तरी ऐकले आहे. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतील १०९८ वे कलम सांगते की, वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटून टाकील अशा एखाद्या गुणविशेषाबाबत, संमती मिळवण्यासाठी कपटाने फसवणूक झाली असेल, तर तो विवाह वैधच ठरत नाही. वेदीसमोर उच्चारलेले शब्दही लपवलेल्या सत्याला पवित्र करू शकत नाहीत, एवढा मोठा अर्थ त्या कलमात आहे.

येथे संत थॉमस यांचा दवंडीचा बारकावा विसरू नये. माणसाचे दोष चव्हाट्यावर मांडणे हे सत्यकथन नव्हे. ती निंदा होय. ज्याला जाणण्याचा हक्क आहे, त्याला, त्याच्यापुरते, वेळेवर सांगावे. आणि सांगताना हेही सांगावे की बाकीचे इंजिन उत्तम आहे. अधूनमधून रागावणारा माणूस हा काही केवळ राग नव्हे. पुष्कळदा साऱ्या आयुष्याची घुसमट एखाद्या बुजलेल्या बारीक छिद्रापायी झालेली असते. आपण मात्र न विचारता त्याचा एकेक भाग बदलायला निघतो. त्या म्हाताऱ्याने विचारले तसे, 'काय बदलले' यापेक्षा 'कधी होते' हे विचारणारा मित्र लाभणे दुर्मीळ. चांगला धर्मगुरू प्रायश्चित्ताच्या वेळी तेच विचारतो.

आता काळ बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. नव्या दुचाकींत बहुधा कार्बोरेटर नसतो. एक छोटा संगणक इंजिनावर लक्ष ठेवतो आणि दोष क्षणभर येऊन गेला तरी त्याचा संकेतांक नोंदवून ठेवतो. मेकॅनिक यंत्र जोडतो आणि गाडी स्वतःच्या चुका स्वतः वाचून दाखवते. यंत्राला विवेकबुद्धी बसवण्याचा हा प्रकार पाहून आम्हांला कौतुक वाटते. माणसाला ती निर्मात्याने मुळातच दिलेली आहे. रात्री निजण्यापूर्वी दिवसाची उजळणी करावी, असे आपले वाडवडील शिकवीत आले. फरक एवढाच की यंत्राची नोंद मेकॅनिक वाचतो आणि आपली नोंद आपल्यालाच मोठ्याने वाचून दाखवावी लागते.

तो तरुण आता तरुण राहिलेला नाही. कधी बाजारात भेटला की आपुलकीने थांबतो. स्कूटरविषयी तो बोलत नाही, आम्हीही बोलत नाही. परवा आम्ही घरातले जुने शिलाई मशीन विकायला काढले. घ्यायला आलेल्या बाईंनी ते चालवून पाहिले, उत्तम चालले. त्या पैसे मोजू लागल्या, तेव्हा आम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. सौभाग्यवती तेथे उभ्या होत्या. आम्ही म्हणालो, "बाई, थोडे थांबा. जाड कापडावर हे मधूनच टाका सोडते."

बाईंनी दोनशे रुपये कमी दिले. त्या रात्री आम्हांला झोप चांगली लागली.